सातवा ग्रंथ आणि जंगलनाका

"रोमन कायद्याचा आख्ख्या विदर्भात एकच जाणकार, आणि तो चंद्रपुरात!" असं वामनराव वकील स्वतःच सांगत, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या पंडितांनी रोमन कायद्यावर लिहिलेल्या भाष्यांचे सहा ग्रंथ त्यांच्या कपाटात होते. सगळे लॅटिन! वामनरावांना लॅटिन येत नव्हतं, पण असल्या किरकोळ गोष्टीसाठी ते अडून बसत नसत.

१९८४ च्या मार्चमध्ये नागपूरच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. मूळ लाकडी बांधणीचा एखादा ग्रंथ असेल, तर कॉलेजात काचेचं कपाट आणि वर वामनरावांच्या नावाची पाटी! मात्र ग्रंथ कुठून आणला, याचा कागद हवाच.

कपाटातले सहाही ग्रंथ नव्या कापडी बांधणीचे; मूळ बांधणीचा एक एटापल्लीला, लालसू नावाच्या त्यांच्या जुन्या पक्षकाराच्या घरी होता. कुण्या जुन्या साहेबाच्या सामानातून आलेला. गेली तीस वर्षं तांदळाच्या मडक्यावर झाकण म्हणून इमानेइतबारे राबत होता बिचारा! वामनरावांनी पितळेचं नवं झाकण देऊन तो सोडवला आणि ते चंद्रपूरच्या सकाळच्या एसटीत बसले. त्याच संध्याकाळी प्राध्यापक घरी येणार होते.

वाटेत वनखात्याच्या तपासणीसाठी जंगलनाक्यावर गाडी थांबली. गार्ड मनसारामनं पिशवी उघडली.

"लाकूड नेऊन राह्यले, वकीलसाहेब? पास कुठी हाये?"

"अहो, पुस्तक आहे हे!"

"पुठ्ठा तं लाकडाचाच हाये. अन् वरतं हे चामडं कशाचं? सांबराचं?"

"डुकराचं!"

"रानडुकराचं?"

"परदेशी डुकराचं! चारशे वर्षं झाली त्याला मरून!"

"मंग त्या वक्ताचा शिकारीचा परवाना दाखवा."

वामनराव खवळले. "मालकी हक्कावर हजार पानं आहेत यात! मला कायदा शिकवतोस?"

"मले कुठी शिकवता येते? तुमीच वाचून दाखवा."

वामनरावांनी ग्रंथ उघडला, चष्मा पुसला आणि ग्रंथ मिटला. तिकडे गाडीतले लोक ओरडायला लागले. ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना. जप्ती झाली तर पाटी गेलीच म्हणायची!

मनसारामला दया आली. "हे पाहा भाऊ, जळाऊ लाकूड घरी न्याले मनाई नाई. तसं लिहून देतो, सही मारा."

"आणि चामडं?"

मनसारामनं क्षणभर डोकं खाजवलं. "साल म्हणून लिहितो ना!"

वामनरावांनी न वाचता सही ठोकली. पक्षकारांना मात्र ते न वाचता सही केल्याबद्दल तासभर झापत.

संध्याकाळी प्राध्यापकांनी ग्रंथ हातात घेतला आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "अस्सल! वामनराव, कमाल केलीत! आता फक्त कागद द्या."

आणि सरकारी शिक्क्याचा कागद, तोही ताजा, वामनरावांच्या खिशात होताच की! त्यांनी तो ऐटीत पुढे केला. प्राध्यापकांनी मोठ्यानं वाचला.

"जळाऊ लाकूड, सालीसकट, नग एक. घरगुती वापरासाठी."

प्राध्यापकांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवलं.

"वकीलसाहेब, ही सही तुमचीच ना?"

याच एका प्रश्नावर वामनरावांनी आजवर शेकडो साक्षीदार आडवे केले होते. त्यांनी मान खाली घातली. "हो. माझीच."

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी इंदिराबाईंचा आवाज आला, "अवो, लाकूड आणलं म्हणता तं द्या ना इकडे! पाव्हण्यायच्या आंघोळीले बंब पेटवाचा हाये!"