वामनरावांच्या रेडिओग्रामचा खर्ज

जानेफळच्या अलीकडे एक गाव आहे. तेथे सन १९६४च्या माघ महिन्यात असे निदर्शनास आले की, सरपंच वामनराव यांच्या दिवाणखान्यातील रेडिओग्रामचा खर्ज पातळ आहे. त्या साली गावच्या विहिरीचे पाणी गढूळ होते, पण तो विषय पुढच्या सभेसाठी राखून ठेवलेला होता.

रेडिओग्राम मुंबईहून आला होता. सागवानी, रेडकाएवढा, वर तबकडी, खाली दोन स्पीकर. असा जिल्ह्यात दुसरा नाही, असे वामनराव सांगत. सतारीचा बारीक सूर त्यातून लख्ख यायचा. पण तबल्याचा डग्गा लागला की कुणी ओल्या पोत्यावर थाप मारतो आहे असे वाटे. वामनरावांना अन्न गोड लागेना.

खाजगी वस्तूसाठी पंचायतीला काही करता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी दिवाणखान्यावर 'सामुदायिक श्रवण केंद्र' अशी पाटी ठोकली. समुदायाने ओसरीपर्यंत यावे, असे ठरले. लगोलग खर्ज सुधारणा समिती नेमली गेली. अध्यक्ष वामनराव, सदस्य त्यांचे मेहुणे जानराव, सचिव ग्रामसेवक मोतीराम. तज्ज्ञ म्हणून तालुक्याहून विस्तार अधिकारी महादेवराव आले. त्यांचा विषय कोंबडीपालन होता. परंतु आवाजाचे पद रिक्त असल्याने तो कार्यभारही त्यांच्याकडेच होता.

महादेवरावांनी रेडिओग्रामच्या पोटावर टिचकी मारली. "खर्जाला पोकळी लागते," ते म्हणाले. "जितकी मोठी पोकळी, तितका खोल खर्ज. गावात सगळ्यात मोठी पोकळी कुठं आहे?"

मोतीराम उगीचच अध्यक्षांकडे पाहू लागला.

"कणगी!" जानराव ओरडले. "धान्याची कणगी!"

समितीने घरोघर फिरून कणग्यांवर टिचक्या मारल्या. वामनरावांच्या स्वतःच्या सहाही कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या. त्या ढप् वाजल्या. अखेर गावकुसापलीकडे जनकाबाईच्या घरात 'घुम्म' असा आवाज आला. जनकाबाई तुरीच्या वाळक्या तुराट्यांच्या कणग्या विणायची. साऱ्या गावाच्या कणग्या तिच्याच हातच्या. स्वतःचीही तिने तशीच विणली होती, शेणमातीने लिंपून गुळगुळीत केली होती. फक्त ती अर्धीच भरलेली होती. समितीचा निष्कर्ष असा की, ज्यांच्या कणग्या भरलेल्या आहेत त्या रिकाम्या करणे अव्यवहार्य आहे. जिची अर्धी रिकामीच आहे, तिची पूर्ण रिकामी करणे सोयीचे.

"पाटील, माही कणगी काऊन नेऊन राह्यले?" जनकाबाई दारात आडवी झाली.

"गावाच्या कामाले, जनकाबाई," वामनराव म्हणाले. " तुह्या कणगीतून गाणं वाजीन आता!"

"अन् माही जवारी? पाच महिन्याचं खाणं हाय थे."

"थे शाळेच्या पडवीत ठेवू. तिची पावती भेटीन ना बाप्पा."

"पावतीच्या भाकरी थापता येतात काय?"

मोतीरामने अहवालात लिहिले : 'लाभार्थीने शंका विचारल्या. त्यांचे निरसन करण्यात आले.'

कणगी वामनरावांच्या दारातून मावेना, म्हणून त्यांनी दाराची चौकट काढवली. कणगी दिवाणखान्यात गेली. जनकाबाई पायरीवर राहिली. समुदायाची हद्द ओसरीपर्यंत होती आणि जनकाबाईच्या वस्तीची पायरीपर्यंत. हे कोणत्याही ठरावात लिहिलेले नव्हते; तरी गावात सगळ्यांना पाठ होते.

स्पीकर काढून कणगीच्या तोंडात बसवले. डग्गा असा घुमला की जानरावांच्या हातातली बशी सांडली. पण एक दोष राहिला : खर्ज लागला की कणगी थरथरे आणि सूर फाटे. महादेवराव पुन्हा आले. कणगीच्या बुडाला वजन हवे, असे त्यांनी सांगितले. रेती टाकली तर ओल धरेल, दगड टाकले तर खडखडतील. धान्य उत्तम. त्याच दिवशी जनकाबाईची ज्वारी शाळेच्या पडवीतून उचलून कणगीत ओतली.

ज्वारी पुन्हा आपल्याच कणगीत आली म्हणून जनकाबाईला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन पायरीवर आली.

"ग्रामसेवक, एवढी पायलीभर जवारी काढून द्या."

"बाई, ती आता ज्वारी नाही," मोतीराम म्हणाला. "साहित्य आहे. जडवस्तू नोंदवहीत चढलं."

"मंग म्या काय खाव?"

"अर्ज करा."

तिने अंगठा उमटवून अर्ज केला. तो अभिप्रायासाठी महादेवरावांकडे गेला. अभिप्राय आला : 'एक पायली काढल्यास डग्गा अर्ध्या सुराने चढेल. अर्जदाराने सुगीपर्यंत सहकार्य करावे.' अर्जदार अंबाडीच्या भाजीवर सहकार्य करू लागली. मग अंबाडीही संपली.

अशात बुलढाण्याहून मोठे साहेब तपासणीला आले. अंगणात, ओसरीवर गाव बसवले. तबकडी फिरू लागली, डग्गा घुमू लागला. साहेबांनी डोळे मिटून पोटावर हात ठेवला.

"खर्ज कानानं ऐकायचा नसतो," ते म्हणाले. "तो इथं जाणवला पाहिजे. पोटात. कुणाला जाणवतो?"

पायरीवरून जनकाबाई म्हणाली, "मले, सायेब. तीन दिस झाले, वाजूनच राह्यला. तुमची मशीन बंद असली तरी बी वाजते."

साहेब हरखले. 'योजना शेवटच्या माणसापर्यंत पोचली,' असा शेरा त्यांनी जागच्या जागी लिहवून घेतला. ही कणगी याच बाईने विणली असे कळताच त्यांनी तिला सत्कारासाठी आत बोलावले. वामनरावांचा चेहरा आंबला, पण साहेबांपुढे बोलणार कोण? जनकाबाई आयुष्यात प्रथमच त्या दिवाणखान्यात शिरली. साहेबांनी हार उचलला, क्षणभर विचार केला आणि तो कणगीला घातला. जनकाबाईला फोटोसाठी शेजारी उभे केले आणि पुन्हा डोळे मिटून ते डग्गा ऐकू लागले.

कणगीला बुडाशी मुठीएवढे तोंड असते, चिंध्यांचा बोळा कोंबून बंद केलेले. समितीने पोकळी तपासली होती, वजन तपासले होते. बुडाशी कुणी वाकून पाहिले नव्हते. जनकाबाई खाली बसली, बोळा ओढला आणि पदर धरला. ज्वारीची धार लागली.

"ए! साहित्य चाललं!" वामनराव अर्धे उठले.

साहेबांनी डोळे न उघडता बोट वर केले. वामनराव अर्धे उठलेलेच थांबले. ज्वारी उतरत गेली, कणगी थरथरू लागली, डग्ग्याचा सूर फाटला.

"वा!" साहेब म्हणाले. "आता सुधारला!"

साऱ्या गावाने माना डोलावल्या.

पुढे साहित्याच्या गळतीबद्दल पंचनामा झाला. एकशे सतरा साक्षीदार तपासले. ज्वारी कुणीच पाहिली नव्हती. खर्ज सर्वांनी ऐकला होता आणि सर्वांना तो पूर्वीपेक्षा खोल वाटला होता. धान्य पडताना सळसळ होत होती, एवढे मात्र एकाच साक्षीदाराच्या जबानीत आले. तो तिसऱ्या रांगेत बसलेला, इस्त्रीचे कपडे, वाचनाची आवड असलेला माणूस होता. तुम्हीच ते. तुम्हीच मान पुढे काढून हळूच म्हणाला होतात, "शूः! बाई, जरा ऐकू द्या ना."

जनकाबाईने तुमच्याकडे एकदा पाहिले आणि बोळा परत कोंबला. तिच्या पदरात तोवर पायलीभरही पडली नव्हती.