दोन हजारांतला उबदार आवाज

घरात आवाज करायचा नाही, असं मी ठरवलं. बास. जन्मात एवढं एकच शहाणपण केलं आणि त्यानंच माझी वाट लावली.

आधी माझं सांगतो. मी पाण्याच्या जळक्या मोटारी दुरुस्त करतो. घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसतो. मोटारी ऐकून ऐकून कान अर्धे गेलेत, त्यामुळं मी गाणी लावली की लांबच्या वळणावरचा सायकलवालासुद्धा ठेका धरतो. बोलणंही तसंच. गल्लीत मला भोंगा म्हणतात. (तोंडावर कोणी म्हणत नाही. म्हणून तर बघा!) डोकं तापट, शिक्षण चौथी, तेही मास्तरांनी कंटाळून वर ढकललं म्हणून.

आता बायको. ती शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करते. तिथली सुपरवायझर बाई निवृत्त व्हायची होती. ती जागा हिला मिळत होती, पण दहावी पास पाहिजे. ही नववीतच लग्न होऊन आलेली. तर हिनं गुपचूप बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला. गुपचूप म्हणजे किती? तर पुस्तकं पिठाच्या डब्यात. बीजगणित बाहेर काढलं की आधी ते झटकायला लागायचं.

"अहो," ती म्हणाली, "कारखान्यात कळलं तर बाया हसून हसून मारतील मला. कुणाला एक शब्द जरी कळला ना, हॉल तिकीट फाडून चुलीत घालीन. सांगून ठेवते."

"मी काय वेडा आहे का?" मी विचारलं.

तिनं बीजगणित परत पिठाच्या डब्यात खुपसलं आणि झाकण घट्ट लावलं.

परीक्षेला बारा दिवस राहिले होते. ती आत गणितं सोडवणार आणि मी बाहेर गाणी लावणार, हे काय बरोबर नाही. म्हणून लेकीनं पहिल्या पगारातून पाठवलेला हेडफोन ट्रंकेतून काढला. चांगला जाडजूड, कानांवर दोन वाट्या पालथ्या घातल्यासारखा. फोनला लावला तर आवाज कसा? डबा झाकून ठेवला आणि आत डास राहिला, तसा. डोकं सटकलं. उचलला आणि बाजारातल्या रेडिओवाल्याकडं गेलो.

हा रेडिओवाला म्हणजे शांत माणूस. इतका शांत की बघूनच माझा रक्तदाब वाढतो.

"काका, हेडफोन चांगला आहे," तो म्हणाला. "तुमच्या फोनमध्ये दम नाही. तीन एचपीच्या मोटारीला बॅटरीचे सेल लावल्यासारखं झालंय. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लागेल."

"मग लाव की! दोन हजारांच्या वर एक पैसा देणार नाही."

"आवाज कसा पाहिजे? काहींना लख्ख लागतो, काहींना उबदार."

"आवाज म्हणजे काय गोधडी आहे का?"

"ऐकून बघा," म्हणाला आणि त्यानं तीन डबे पुढं मांडले.

पहिला डबा लावला. गाणारी बाई चांगली होती हो, पण प्रत्येक 'स' ला अशी शिट्टी मारायची की दाढेत कळ. माझी थोरली मेव्हणी हुबेहूब अशीच बोलते. काढ म्हटलं. दुसरा डबा स्वच्छ, पण कोरडा ठाक. ऑफिसातला कारकून 'सही राहिलीय, उद्या या' म्हणतो ना, त्या सुरात सगळं गाणं. काढ.

तिसरा जुना होता, कोणीतरी वापरून विकलेला. बटण पिवळं पडलेलं. तो लावला, आणि काय सांगू! बाई एकदम जवळ येऊन बसली. (बायकोला हे असं सांगितलं नाही.) ढोलकी पोटात वाजायला लागली. थंडीत कोणीतरी पाठीवर हात फिरवावा, तसं वाटलं. मी डब्याला हात लावला तर खरंच कोमट! आमच्या धंद्यात गरम झालं म्हणजे जळालं. मी बोंबलणार, तेवढ्यात रेडिओवाल्यानं डब्याशेजारचा चहाचा ग्लास दाखवला. तो आतापर्यंत डब्यावर ठेवलेला होता.

मग त्यानं ओठ हलवून काहीतरी विचारलं. मला वाटलं, विचारतोय की एवढी घाई कशाला. माणूस विश्वासातला. मी इकडं तिकडं पाहिलं, त्याच्या कानाशी गेलो आणि अगदी हळूच सांगितलं, "माझी बायको दहावीला बसलीय. कुणाला सांगू नको."

रेडिओवाला स्टुलासकट मागं सरकला. समोर न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर थांबला. मी हेडफोन काढला. आख्खा बाजार गप्प.

"वहिनींना शुभेच्छा सांगा!" न्हावी ओरडला.

कानांवर वाट्या असल्या की आपला आवाज आपल्याला कळत नाही, हे मला कोण सांगणार? आता हे दाबायचं कसं? माझ्याकडं एकच औजार, दम देणं. तडक न्हाव्याकडं गेलो. "बायको दहावीला बसलीय हे कुठं बोललास तर याद राख!" मग किराणावाला. मग चहावाला. मग टोकाचा पंक्चरवाला. तो बिचारा म्हणाला, "भाऊ, मी तर टायर ठोकत होतो, काही ऐकलंच नाही. काय बोलायचं नाही?"

"बायको दहावीला बसलीय हे!"

अशी मी सगळ्या बाजाराची तोंडं बंद करून, दोन हजारांना घेतलेला डबा काखेत घालून घरी आलो.

ती आत अभ्यासाला बसली होती. हिला सांगावं की नाही? शेडमध्ये बसलो, हेडफोन चढवला, म्हटलं जरा डोकं थंड करू. गाणं सुरू झालं. डोळे मिटले. मनातल्या मनात विचार करायला लागलो. सांगून टाकावं का? नको, हॉल तिकीट फाडेल. पण कारखान्यातून कळलं तर? गाढवा, तूच सगळ्या बाजाराला सांगितलंस. आणि बिचारीला अपूर्णांक अजून येत नाहीत...

खांद्यावर काहीतरी टोचलं. डोळे उघडले. समोर बायको, हातात बीजगणित. तिच्यामागं कुंपणापाशी शेजारच्या वहिनी, ओला टॉवेल धरून. या वहिनी हिच्याच कारखान्यात, हिच्याच टेबलावर.

मी हेडफोन काढला. "काय गं?"

"अपूर्णांक येतात मला," बायको म्हणाली. इतक्या हळू बोलली की मी घाबरलो.

"मी मनात बोलत होतो!"

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमचं मन आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं."

बायको वळली, आत गेली आणि हॉल तिकीट घेऊन आली. डोळ्यांत पाणी. दोन्ही हातांनी कागद धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होतो.

"हसा," ती वहिनींना म्हणाली. "काय हसायचं ते हसून घ्या."

वहिनींनी टॉवेल तिथंच टाकला आणि कुंपण ओलांडून आल्या. "हसू कशाला? बाई, माझी शाळा सातवीतच सुटली. तीन वर्षं झाली, हा फॉर्म कुठं मिळतो हे विचारायला लाजतेय. फाडू नकोस. आधी मला सांग, हा मिळाला कुठं?"

बायकोनं कागद खाली घेतला. मग पदरानं त्याची सुरकुती पुसली.

परीक्षेच्या दिवशी न्हाव्यानं दुकानातून वस्तरा उंचावला, पंक्चरवाल्यानं सायकलची घंटी वाजवली. गणितात एकसष्ट मिळाले. सुपरवायझर झाली. आता रोज संध्याकाळी वहिनी आणि कारखान्यातल्या आणखी दोघी आमच्याकडं शिकायला येतात, आणि ही त्यांच्या वह्या तपासते. तपासताना कानांवर माझा हेडफोन.

परवा मी बघितलं तर त्याची वायर नुसतीच लोंबत होती.

"अगं," मी म्हटलं, "वायर कशालाच लावली नाहीस. ऐकतेस काय?"

तिला ऐकूच आलं नाही. पुन्हा ओरडलो. तेव्हा तिनं एक वाटी जराशी उचलली.

"यात तुम्ही ऐकू येत नाही," म्हणाली. "इतका छान आवाज दोन हजारांत कुठं मिळणार?" आणि वाटी परत लावली.

तो उबदार आवाजाचा डबा मात्र वाया गेला नाही. टेबलावरच आहे. त्यावर चहाचे चार ग्लास बरोबर मावतात. माझा पाचवा मावत नाही.