जागा

श्रोता असल्याखेरीज प्रसारण करणे हा शब्दांचा अपव्यय होय, असं परिपत्रक स्थानिक नभोवाणी केंद्राने काढलं. रात्री बारा ते तीन गाणी लावणाऱ्या निवेदकाने ते वाचलं आणि तो तडक केंद्रप्रमुखांकडे गेला. अकरा वर्षं तो प्रत्येक गाण्यानंतर "जागे आहात ना?" असं विचारत होता आणि उत्तराची वाट न बघता पुढची तबकडी लावत होता.

"महिनाअखेरपर्यंत तीन श्रोते दाखवा," केंद्रप्रमुख म्हणाले. "नाहीतर कार्यक्रम बंद."

"साहेब, आमची ही रोज ऐकते."

"बायको धरत नाहीत. तिला ऐकावंच लागतं."

घरी हे कळल्यावर बायको भडकली. "मग अकरा वर्षं मी काय भिंत म्हणून जागले?"

केंद्राने पाहणी अधिकारी नेमला. कार्यालयीन वेळ अकरा ते पाच असल्यामुळे तो भर दुपारी दारोदार फिरला. "आत्ता रात्रीचा कार्यक्रम ऐकताय का?" लोक खरं तेच बोलले. निष्कर्ष, शून्य.

निवेदकाने हातापाया पडून रात्रीची फेरपाहणी मिळवली. आता अधिकारी दीड वाजता कड्या वाजवू लागला. झोपलेले शिव्या देत उठले. ते जागे होते, पण ऐकत नव्हते. ऐकणारे दार उघडायला रेडिओपासून उठले. त्यांचं ऐकणं खंडित धरलं गेलं.

त्यातून तक्त्याचा शेवटचा रकाना होता 'जागा'. श्रोता जागा होता की झोपलेला, एवढंच तिथे लिहायचं. पण अधिकाऱ्याची उभी हयात घरं मोजण्याच्या खात्यात गेलेली. त्याने इमानेइतबारे लिहिलं, 'दोन खोल्या, हवेशीर.' 'एक खोली, न्हाणीघर सामायिक.'

अहवाल आला: एकही श्रोता जागा आढळला नाही, जागा मात्र पुष्कळ आढळली, सबब निवेदकाची जागा जास्तीची ठरते.

"साहेब, हा जागा वेगळा आणि ती जागा वेगळी!"

"व्याकरणाच्या तक्रारी आपण घेत नाही."

शेवटच्या रात्री निवेदकाने मनाचा हिय्या केला. "जागे आहात ना?" त्याने विचारलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थांबला. "असाल तर खिडकीतला दिवा लावा."

तिसऱ्या मजल्यावरच्या स्टुडिओच्या काचेतून त्याने बाहेर पाहिलं. समोर एक खिडकी उजळली. मग दोन. मग रस्ताभर. एकेचाळीस मोजल्यावर त्याचे डोळे भरून आले. त्याने बासरीची लांबलचक तबकडी लावली आणि साहेबांच्या घरी फोन केला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"साहेब, एकेचाळीस दिवे!"

"दिवा हा लेखी पुरावा नाही. उद्या अकरापर्यंत तीन पत्रं आणा. दोन ओळीही चालतील."

साहेबांच्या आवाजामागून तीच बासरी ऐकू येत होती.

"साहेब, तुम्हीसुद्धा...?"

"कर्मचारी धरत नाहीत," साहेब घाईने म्हणाले. "आणि अहो, बासरी मध्येच तोडू नका."

बासरी संपताच निवेदकाने रेडिओवरून सांगून टाकलं: उद्या अकराच्या आत तिघांनी दोन-दोन ओळी लिहून केंद्राच्या दारातल्या पेटीत टाका, नाहीतर ही आपली शेवटची रात्र. एकेचाळीस घरांनी ते कान देऊन ऐकलं. बऱ्याच ठिकाणी डोळे पाणावले. एका घरात तर कागदसुद्धा शोधला गेला. मग प्रत्येकाने हिशेब केला, की आपण इतकेजण आणि हवेत तिघेच. आपणच कशाला लुडबुड करा?

अकरा वाजता कुलूप तोडून पेटी उघडली. आत पेटीचीच किल्ली निघाली, गेल्या वर्षी हरवलेली.

त्या रात्री बारा वाजता रेडिओतून नुसती खरखर आली. केंद्राचा फोन पहाटेपर्यंत वाजत होता. "असा कसा बंद करता? कोणीच दोन ओळी लिहिल्या नाहीत? काय माणसं आहेत!" पहारेकऱ्याने एकेचाळीस तक्रारी नोंदवहीत घेतल्या. बेचाळिसावी साहेबांची होती. ती धरली नाही.

निवेदक केंद्राच्याच रस्त्यावरच्या आपल्या घरी खिडकीशी बसून होता. समोरचे दिवे अजून जळत होते.

"अहो, तो कोपऱ्यातला दिवा कोणाचा?" बायकोने विचारलं. "तो तर रोज असायचा."

"मला काय ठाऊक?" निवेदक म्हणाला.

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तुम्हाला आहे. दोन ओळी तुम्हीही लिहिल्या नाहीत.