हद्दीवरची कॉट

"काकू, एक माणूस कमी पडतोय," असे म्हणत भूगोलाच्या बाई आतल्या खोलीतल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी जनगणनेचे रजिस्टर मांडीवर आपटले.

शाळेला सुट्टी लागताच बाईंना या कामाला जुंपले होते. तीन आठवडे वणवण करून त्यांनी ओढ्यापासून रुळांपर्यंतचे अख्खे उपनगर पालथे घातले, आणि बेरीज आली चार हजार नऊशे नव्याण्णव. पाच हजार भरले तर दवाखान्याला रोजचा डॉक्टर मिळणार होता. नाहीतर दवाखानाच उठणार होता. काकूंना झोप येत नसे. आठवड्यातून दोनदा त्या गोळ्यांसाठी तिथे जात. दोन बस बदलून दुसरीकडे जाण्याचे त्यांचे वय राहिले नव्हते.

"माणूस आहे," काकू हळूच म्हणाल्या, "पण तुमच्या हद्दीत नाही. हॉलमध्ये पेपर वाचतोय."

तो माणूस म्हणजे काकूंचे यजमान, निवृत्त मोजणीदार. दोन उपनगरांमधली हद्द तीस वर्षांपूर्वी त्यांनीच आखली होती आणि पुढे घरही नेमके त्याच रेषेवर बांधले होते. रेषा झोपायच्या खोलीच्या उंबरठ्यावरून जात होती. जो जिथे झोपतो तो तिथला, असा गणनेचा नियम. काकू आतल्या खोलीत झोपत, म्हणून अलीकडच्या. मोजणीदार अकरा वर्षे हॉलमधल्या कॉटवर, म्हणून पलीकडचे.

"भांडण झालं होतं का?"

"छे हो! एकदा झोपेत मी नुसतं म्हटलं, जरा सरका. हे सरकले ते थेट दुसऱ्या गावात!"

"मला ऐकू येतंय," हॉलमधून आवाज आला.

बाई हॉलमध्ये गेल्या. "काका, एक नोंद इकडची तिकडे केली तर..."

"खोटी नोंद? माझी रेषा आजवर कोणी हलवलेली नाही."

"मग रेषा राहू दे. तुम्हीच हला."

मोजणीदारांनी पेपर खाली ठेवला. दारात उभ्या असलेल्या काकूंकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. "ठीक आहे. पण खरोखर झोपेन, तरच लिहायचं. आणि झोपेन माझ्याच कॉटवर."

शेजारच्या सुताराला बोलावले. कॉट त्यानेच हॉलमध्ये बसून बनवली होती. ती कधी दारातून न्यावी लागेल, हे कोणाच्या मनातही आले नव्हते. आधी आडवी घातली, मग उभी केली, मग तिरकी करून ढकलली. उंबरठ्यावर ती अशी काही अडकली की पुढेही जाईना आणि मागेही येईना.

"माप घेतलं होतंस का बनवताना?" मोजणीदार कडाडले.

"साहेब, मोजणीदाराच्या घरात मी कशाला माप घेऊ?"

बाईंनी नियमांची पुस्तिका चाळली. हद्दीवर अडकलेल्या कॉटबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हते. सुतार करवत आणायला निघाला, तर मोजणीदारांनी बजावले, "कॉटला हात लावायचा नाही!" तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आले की काकू चहा करायला अलीकडून पलीकडे आल्या आहेत, कॉटने दार अडले आहे आणि त्यांचे अंथरूण आतच राहिले आहे.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गणनेच्या शेवटच्या दिवशी, सकाळी बाई आल्या. बराच वेळ बेल वाजवल्यावर काकूंनी जांभई देत दार उघडले. हॉलमध्ये फरशीवर सतरंजी होती आणि तिच्यावर सोफ्याच्या दोन उशा, शेजारी शेजारी.

"म्हणजे तुम्हीही पलीकडे गेलात!" बाईंनी कपाळाला हात लावला. "चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव!"

"गेले खरी," काकू लाजल्या. "गोळ्या आतच राहिल्या ना. हे घोरत होते, मी ऐकत होते. कधी डोळा लागला कळलंच नाही."

बाईंना बरेही वाटले आणि रडूही आले. "मग आता दवाखाना नकोच म्हणा तुम्हाला."

"नको कसा? फरशीवर झोपून ह्यांची कंबर धरलीय!"

सतरंजीवरून मोजणीदारांनी एक हात वर केला. बाकीचे अंग वर येत नव्हते.

"सुताराला बोलवा," ते कण्हत म्हणाले. "कॉट कापा म्हणावं."

बाईंनी पेन उघडले. "आणि आज रात्री तुम्ही कुठे झोपणार, काका?"

मोजणीदारांनी काकूंकडे पाहिले.

"आतच की," ते म्हणाले. "ही सरकेल जरा."