कलारण्यातली शांतता

तुम्हाला म्हणून सांगतो, कला जगवायला स्वतः कलाकार असावं लागत नाही. नजर लागते! आणि ती माझ्याकडे जन्मापासून आहे. बायको मानसी म्हणते, "नजर तेवढी आहे, बाकी आनंदच आहे!"

आरेच्या झाडीत माझ्या सासूबाईंचं, म्हणजे वनमालाबाईंचं, दोन खोल्यांचं घर रिकामं पडलं होतं. ते त्या एका तबेलेवाल्याला पेंड साठवायला देणार होत्या. मी उसळलो.

"पेंड? अहो आई, तिथे आपण कलाकारांना ठेवू! फुकट राहा, जेवा, चित्रं काढा! नावसुद्धा ठरलंय, कलारण्य!"

"आणि आपल्याला काय मिळणार?"

"प्रतिष्ठा!"

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की पेंडीला जास्त प्रतिष्ठा आहे हे मला कळलं. "रविवारी बघायला येते, जावईबापू. नीट चाललं असेल तर ठेवा. नाहीतर सोमवारी पेंड."

आता घर गेलं असतं ते गेलंच असतं, पण 'सुबोधचं आणखी एक खूळ' म्हणून अख्ख्या सासरात माझी वरात निघाली असती!

पहिली पाहुणी आली ऋतिका. जुहूची चित्रकार. तिच्या घरापुढे बिल्डिंगचं खोदकाम आणि मागच्या हॉटेलात रोज कुणाचं तरी लग्न. बिचारी रडवेली झाली होती. "सर, मला बाकी काही नको, फक्त शांतता द्या!"

"अगं, इथे पानसुद्धा विचारून पडतं!" मी ऐटीत म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तर! पण अंगात भिनलेली बढाई कुठे जाते? मी आमच्या गावाच्या ग्रुपवर टाकलं, 'आरेत कलाकारांसाठी मोफत घर सुरू केलंय. जेवणखाण आमच्याकडे.'

आता आम्हा कोकणातल्या माणसांना मुंबईत फुकट घर म्हटलं की एकच गोष्ट कळते. गावाची खोली! गिरण्यांच्या काळात गावोगावच्या मंडळांच्या अशा खोल्या असायच्या. गावचा कुणीही यावं, वळकटी टाकावी, झोपावं. आमच्या गावाची लालबागची खोली टॉवरखाली गेली, तेव्हापासून मंडळाचे अध्यक्ष नाना सुतकात होते.

शनिवारी नाना दारात हजर! सोबत अख्खं भजनी मंडळ, वळकट्या, पखवाज आणि अर्धं पोतं उकडे तांदूळ.

"सुबोधा! गावासाठी खोली काढलंस! बापाशीचा नाव राखलंस!"

"नाना, ही फक्त कलाकारांसाठी..."

"मग आम्ही काय मासे इकतंव? उद्या रात्री कांदिवलीत आमची डबलबारी आसा! समोरचो बुवा लय वस्ताद, सराव नको?"

दोन बुवांची भजनातली जुगलबंदी म्हणजे डबलबारी. तिचा सराव या दोन खोल्यांत! आणि मग मला सुचलं. मी नानांच्या कानाशी लागलो, "आतल्या खोलीत एक ताई आहेत. त्यांचं मौनव्रत आहे. हूं की चूं करू नका!"

"मौनव्रत?" नानांनी तिथल्या तिथे चपला काढल्या. मंडळी एकदम चिडीचूप! मी स्वतःवरच इतका खूश झालो की काही विचारू नका.

रविवारी सकाळी ऋतिकाने दार उघडलं आणि बाहेर पाहते तर काय! उंबऱ्यावर नारळ, उदबत्त्या, झेंडूचा हार आणि हात जोडून बसलेलं सगळं भजनी मंडळ. सगळ्यांत पुढच्या बुवाने तिचे पाय धरले आणि डोळे मिटून मुलाच्या नोकरीचं साकडं घातलं.

ऋतिका किंचाळली, "सर! हे काय चाललंय?"

"मौन सुटलां!" नाना ओरडले. झालं! पखवाज, टाळ, झांजा, सगळं एकदम सुटलं. घरामागच्या झाडावरची माकडं गोरेगावच्या दिशेने पसार! आणि नेमक्या त्याच क्षणी रिक्षातून सासूबाई आणि मानसी उतरल्या.

वाट लागली यार! मी डोळे मिटून पेंडीचा वास घ्यायला सुरुवात केली.

कुणी ओरडेना, तेव्हा एक डोळा उघडला. सासूबाई ओट्यावर टेकून चक्क डोळे पुसत होत्या. "हे गेल्यापासून असं भजन कानावर नाही पडलं रे," त्या म्हणाल्या. ऋतिका आधी रागाने लाल झाली होती. मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. पाच मिनिटांत ती गजर करणाऱ्या नानांचं चित्र काढायला बसली. आवाज वाढवा म्हणाली!

"पेंड नको," सासूबाईंनी निकाल दिला. "हे घर कलाकारांचंच!"

मला जे भरतं आलं! मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "मग पुढचा महिना मी इथे राहणार. कविता करणार!"

नानांनी शांतपणे नारळ उचलला, टोपी सारखी केली आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या घराक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"ह्या चेडवाचा चित्र पुरा होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या आमच्या सुबोधाक खयची तरी एक कला येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. त्यात सगळ्यांत खणखणीत सूर मानसीचा होता.