बुधवारी लिहिलेला शुक्रवार

गुप्ते मॅडम शुक्रवारी घडणाऱ्या गोष्टी बुधवारी लिहितात, आणि त्या भूतकाळात लिहितात.

मॅडम ऑकलंडमधल्या एका ग्रामर स्कूलच्या मुख्याध्यापिका आहेत. दर शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्यांचं न्यूजलेटर सगळ्या पालकांना ईमेलने जातं. त्या आठवड्यात शाळेत काय काय झालं, याचा तो वृत्तांत असतो. त्याचा मसुदा माझ्या टेबलावर बुधवारी सकाळी येतो. त्यात लिहिलेलं असतं : 'शुक्रवारी नववीच्या बँडने सभागृह दणाणून सोडलं!' बुधवारी सकाळी त्या बँडची दोन्ही ट्रम्पेट दुरुस्तीच्या दुकानात असतात.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हणालो होतो, "मॅडम, हे अजून झालेलं नाही."

"झालंय हो. फक्त घडायचं बाकी आहे," त्या म्हणाल्या, आणि गाडीची किल्ली घेऊन ट्रम्पेट आणायला गेल्या.

मी पुण्यातल्या एका दैनिकात बरीच वर्षं उपसंपादक होतो. इथे शाळेच्या ऑफिसात माझं काम तपासणीचं आहे. शुक्रवारी दुपारी मी लाल पेन घेऊन शाळाभर फिरतो. जे घडलं त्यावर खूण, जे पावणेतीनपर्यंत घडलं नाही ते बाद. हा नियम मॅडमनी स्वतः घातलेला आहे आणि त्या तो निमूटपणे पाळतात. म्हणून शुक्रवार हा त्यांचा धावायचा दिवस. अंगावर साडी असो की कोट, पायात धावायचे बूट आणि गळ्यात शिट्टी. उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे मुलांच्या गर्दीत त्या दिसत नाहीत. शिट्टी ऐकू येते.

मी लागल्यापासून त्यांनी बहुतेक प्रत्येक वाक्य धावून धावून खरं केलं. एकच वाक्य असं आलं, की जे धावून खरं होणार नव्हतं. त्याच्याकडे मी येतोच. आधी त्यांची पद्धत कळायला हवी.

ही सवय नाशिकची. तिथे त्या विज्ञान शिकवायच्या. उद्याच्या तासाचं टाचण आदल्या दिवशी काढून मुख्याध्यापकांची सही घ्यावी लागे. बाकीचे शिक्षक लिहीत, 'गुरुत्वाकर्षण समजावून सांगणे.' गुप्ते बाई लिहीत, 'सर्व विद्यार्थ्यांना गुरुत्वाकर्षण समजले.' मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तास उद्या आहे." बाई म्हणाल्या, "हो सर, पण समजल्याशिवाय मी सोडणार नाहीये." सही मिळाली. मुलांची मधली सुट्टी गेली.

न्यूजलेटर इंग्रजीत असतं. इथे मी ते मराठीत देतो आहे, उद्गारचिन्हं मात्र मूळची आहेत. एका पानावर चाळीस असली तर मी दहा ठेवतो. शनिवारी फोन येतो. "संपादक, माझी तीस कुठे गेली?" त्या मला संपादक म्हणतात. मी उपसंपादक होतो हे दोनदा सांगून पाहिलं.

एकदा मसुद्यात होतं, 'कँटीनचे नवे पनीर रोल बारा वाजायच्या आत संपले!' पावणेएकला मी गेलो तेव्हा ट्रेमध्ये अकरा रोल होते. मी पेन काढलं. मॅडमनी ट्रे उचलला. नव्या इमारतीजवळ काँक्रीट ओतणारी माणसं काम करत होती. त्यांच्यातला एक दाढीवाला म्हणाला, "आम्ही जेवलोय." मॅडम म्हणाल्या, "हे जेवण नाही, ही चव आहे." अकरा रोल संपले. 'बारा वाजायच्या आत'च्या जागी मी 'दुपारच्या सुट्टीत' केलं. त्यावरून दोन दिवस त्या माझ्याशी तुटक बोलल्या.

दुसऱ्यांदा प्रकरण पावसाचं होतं. 'क्रॉस-कंट्री शर्यत कोरड्या हवेत पार पडली!' ऑकलंडच्या हिवाळ्याबद्दल असं वाक्य लिहायला छाती लागते. शुक्रवारी सकाळपासून पाऊस. मॅडमनी पोरांना बूट घालून वर्गातच बसवलं, स्वतः मैदानात छत्री धरून उभ्या राहिल्या आणि खेळाच्या शिक्षकाला फोनवर पावसाचा नकाशा बघत बसवलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी उघडीप आली. शिट्टी वाजली. सगळी शाळा धावत सुटली. शेवटचा मुलगा पोहोचला आणि पाऊस पुन्हा कोसळायला लागला. मॅडम भिजत, दोन्ही हात वर करून मला ओरडून सांगत होत्या, "कोरडी! लिहा, कोरडी!"

सामन्यांचे निकाल मात्र त्या कधीच आधी लिहीत नाहीत. "ते लबाडीचं होईल," म्हणतात. "ज्यासाठी आपण धावू शकतो तेवढंच लिहायचं." त्यामुळे रग्बीबद्दल वाक्य येतं ते असं : 'आपल्या प्रत्येक खेळाडूने प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवला!' एका शुक्रवारी आमचा संघ सपाटून हरला. पोरं चिखलाने माखलेली, रागाने लाल, थेट बसकडे निघालेली. मॅडम बसच्या दारात उभ्या. लग्नात मुलीकडची काकू न जेवता निघालेल्याला अडवते, तसं त्यांनी एकेकाला अडवलं. "पंधरा हात झाल्याशिवाय बस हलणार नाही. चौदा झालेत. कोण राहिलंय?" राहिलेला पोरगा सहा फुटांहून उंच होता. तो गेला आणि हात मिळवून आला.

आता ते वाक्य.

यंदाच्या हिवाळ्यातल्या एका बुधवारी मसुद्याच्या शेवटी, करिअर डेच्या मजकुरात, दोन ओळी होत्या. 'आपली माजी विद्यार्थिनी ईरा गुप्ते हिने बारावीच्या वर्गाला आपल्या कामाबद्दल सांगितलं. त्यानंतर आम्ही दोघींनी कँटीनमध्ये चहा घेतला.' दोन्ही वाक्यांना उद्गारचिन्ह नव्हतं. म्हणूनच मी थांबलो.

"ईरा म्हणजे?"

"माझी मुलगी. पामर्स्टन नॉर्थला असते. झाडांचं काम करते. उंच झाडांवर दोरीने चढून फांद्या कापतात ना, ते."

"येणार आहे का?"

"टॉमने बोलावलंय. करिअरचं तोच बघतो. मी त्याला सांगितलेलं नाही हं, त्याचं त्यालाच सुचलं. तिने त्याला उत्तर दिलंय, 'यीह, माइट डू.'"

"म्हणजे हो की नाही?"

"बावीस वर्षं झाली मला इथे येऊन," मॅडम म्हणाल्या. "अजून कळलेलं नाही."

मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि बाकीचं सांगितलं. मी इथे लागलो त्याच्या दोन महिने आधीची गोष्ट. वर्षाचा शेवटचा अंक होता. ईरा विद्यापीठात होती, मेडिकलच्या प्रवेशाची यादी शुक्रवारी लागणार होती. मॅडमनी बुधवारी लिहिलं : 'आपल्या ईराला मेडिकलला प्रवेश मिळाला!' तेव्हा तपासणारं कुणी नव्हतं. अंक तीन वाजता गेला. यादी चार वाजता आली. तिच्यात ईराचं नाव नव्हतं.

"सुट्टीभर लोक तिचं अभिनंदन करत होते," मॅडम म्हणाल्या. "इंडियन दुकानात, एका बारशाला, रस्त्यात. मला वाटलं ती सांगेल, नाही मिळाला म्हणून. नाही सांगितलं. प्रत्येकाला 'थँक यू' म्हणाली. मला खोटं पडू दिलं नाही तिने. आणि जानेवारीत घर सोडून गेली."

त्यानंतर ईरा शाळेत कधी आली नव्हती. घरी फोन असायचा, वाढदिवसाला, हवापाण्यापुरता.

"तुमच्या नोकरीची जाहिरात आठवते?" मॅडमनी विचारलं.

मला आठवत होती. 'मजकूर घडलेल्या गोष्टींशी ताडून पाहणारी व्यक्ती हवी.' शाळेच्या ऑफिसाला अशी व्यक्ती कशाला लागते, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

शुक्रवार उजाडला. सकाळी मॅडम नेहमीसारख्या धावल्या. नाटकाच्या सेटला रंग लागला, सातवीतून हरवलेलं युकुलेले हे वाद्य सापडलं, माओरी गटाचं स्वागतगीत माइक बंद पडूनही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. खूण, खूण, खूण. एक वाजता त्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बसल्या. करिअर डेचा तास दीडला होता.

"गेटवर नाही जाणार?" मी विचारलं.

"नाही."

"टॉमला फोन तरी..."

"संपादक, मी गेटवर उभी राहिले तर ते मी घडवलेलं होईल."

शुक्रवारी दुपारी मॅडमना खुर्चीत बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पायातले बूट मात्र हलत होते.

एक पंचवीसला एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, आत आली. मागे दोऱ्या, करवती, चिखल. ती नेमकी मुख्याध्यापकांच्या राखीव जागेत उभी राहिली. ऑफिसातली हेलन उठायला लागली. "तिथे लावू नका म्हणून सांगू?"

"खबरदार," मॅडम म्हणाल्या.

तपासणी माझं काम, म्हणून मी खाली गेलो. ईरा आईएवढीच उंच आहे. जाड बूट, खांद्यावर दोरी. बारावीची मुलं नेहमीप्रमाणे बाकांवर लवंडलेली होती. तिने पाच मिनिटं बोलून पाहिलं आणि म्हणाली, "बोअरिंग, ना? चला बाहेर." टॉमने सुरक्षिततेच्या कागदावर सही करेपर्यंत वर्ग रिकामा झाला होता.

आमच्या आवारात चढण्याजोगी पाचेक झाडं आहेत. ईराने ऑफिससमोरचा ओक निवडला.

तिने दोरी फेकली, ती वरच्या फांदीवरून बरोबर खाली आली आणि मुलांनी आरोळी ठोकली. ती चढायला लागली तशी बाजूच्या वर्गांच्या खिडक्या उघडल्या. कुणीतरी जमिनीवर पाय आपटून ठेका धरला, मग सगळ्यांनीच. दहावीचा गणिताचा तास बाहेर आला, शिक्षकासकट. नारिंगी हेल्मेट पानं नसलेल्या फांद्यांतून वर, आणखी वर गेलं, आणि मॅडमच्या खिडकीच्या उंचीला येऊन थांबलं.

काचेच्या आत मॅडम उभ्या होत्या.

खाली गोंधळ चालूच होता. ईराने एक हात सोडला आणि हलवला. मॅडमनी हात वर केला, तो अर्ध्यावरच राहिला. दोघी किती वेळ तशा होत्या ते मी घड्याळात पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

अडीचला मी वर गेलो. मॅडम पुन्हा खुर्चीत होत्या. मी अहवाल दिला. तास झाला, मुलं रमली, कुणाला लागलं नाही.

"हसली का ती?"

"दोनदा."

"बरं." त्यांनी मसुदा माझ्या हातात दिला. "हे तिला दाखवा. तिच्याबद्दलचा एक शब्दही तिला विचारल्याशिवाय जाणार नाही म्हणावं."

ईरा दोरी गुंडाळत होती. तिने ओळी वाचल्या.

"शी सेड दॅट? मला विचारायला?"

"हो."

तिने माझं लाल पेन मागून घेतलं. पहिल्या वाक्यात 'कामाबद्दल सांगितलं' खोडून 'झाडावर चढून दाखवलं' केलं. दुसरं वाक्य तिने पुन्हा वाचलं. मग 'चहा' खोडून 'हॉट चॉकलेट' लिहिलं.

"आय डोन्ट ड्रिंक टी एनीमोर," ती म्हणाली. "आईला माहीत नाहीये. बट दिस हॅजन्ट हॅपन्ड, राइट? मग तुम्ही छापू शकत नाही."

"घडलं तर छापतो," मी म्हणालो.

"आणि नाही घडलं तर?"

"बाद."

तिने दोरी यूटमध्ये टाकली, हात जीन्सला पुसले आणि वर बघून हाक मारली, "आई! कमिंग, ऑर वॉट?"

पावणेतीन वाजून गेले होते. नियमाप्रमाणे वाक्य बाद व्हायला हवं होतं. वर्तमानपत्रात मोठी बातमी येणार असली की पान थांबवतात. मी न्यूजलेटर थांबवलं.

तीन वाजले. सव्वातीनला तीन पालकांच्या मेल आल्या, शाळेत सगळं ठीक आहे ना म्हणून. कँटीनच्या काचेतून मला दोघी दिसत होत्या. ईरा टेबलावरच्या रुमालाला गाठ मारून दाखवत होती. मॅडमना ती जमत नव्हती. त्या ऐकत होत्या.

तीन चाळीसला मॅडम जिना चढून आल्या. ओठांवर चॉकलेट होतं.

"पाठवलंत?"

"तुमच्यासाठीच थांबलो होतो. आता पाठवतो."

"ते दुसरं वाक्य काढा."

"मॅडम, घडलंय ते. मी स्वतः पाहिलंय."

"घडलंय ना?" त्या म्हणाल्या. "मग कशाला लिहायचं?"

मी वाक्य खोडलं. मान वर केली तोवर त्या ईराकडे परत जायला अर्धा जिना उतरल्या होत्या.