चढावर 'दम लागला का' विचारू नये

शांतता आपोआप राहत नसते, तिले समिती लागते. जिथं समिती नाई तिथं शांतता आहे का नाई हे सांगताच येत नाई, कारण मोजणारंच कोणी नसते.

आता बोर धरणाच्या भवतालचा पहाडी रस्ताच घ्या. तिथं पहिल्यापासून शांतता होती, पण ती कोणाच्या ध्यानातच आली नाई. लोक म्हणायचे, "इकडं काहीच नाई बाप्पा." मंग वर्धा-नागपूरच्या सायकलवाल्या मंडळींनी शोध लावला, का हे जे 'काहीच नाई' आहे तेच तर आपल्याले पाह्यजे होतं. लगेच 'शांत सायकल मार्ग संवर्धन समिती' निघाली. रस्त्याची कडा समितीच्या ताब्यात आली आन शांततेले वाली भेटला.

समितीनं व्याख्या केली: सायकल चालवणाऱ्याले पाखराचा आवाज, पाण्याचा आवाज आन सोताचा श्वास, एवढंच आयकू आलं पाह्यजे. मंग अडथळे तपासले. मोटारी जवळपास नाईच (हे काम खड्ड्यांनी आधीच, बिनामानधन करून ठेवलं होतं). एस.टी. दिवसातून एकदा येते, तेही तिच्या मनात आलं तर. वाघ आहे, पण तो मार्गावर कोणाशी बोलत नाई, म्हणून त्याले पैकीच्या पैकी मार्क. राहता राह्यला माणूस. सर्वेक्षणात असं निघालं का मार्गावरच्या आवाजापैकी पंचाण्णव टक्के आवाज एकट्या मधुकररावांचा आहे. उरलेला पाच टक्के त्यांच्या म्हशीचा.

मधुकररावांचा ठेला हिंगणीच्या पुढं, जिथं चढ संपते आन धरणाचं पाणी पहिल्यांदा दिसते, तिथं. ठेल्यामागं थोडंसं वावर. त्यातली वांगी, टमाटे, सांभार (म्हणजे कोथिंबीर) ठेल्यावर, संगं चाय, आन बायको प्रमिलाबाईच्या हातची भाकर-भरीत. दोघांचं घर या एका ठेल्यावर चालते.

मधुकररावांचा गुन्हा असा, का त्यांले माणसाची कीव येते. पिकल्या केसाचा, खात्यापित्या घरचा माणूस भर उन्हात, तंग चड्डी घालून, धापा टाकत चढ चढून राह्यला, आन सायकलवर ना धान्याचं पोतं ना दुधाची कॅन. हे पाहून त्यांले राहवायचं नाई. त्यांच्या हिशेबानं माणूस सायकलवर तव्हाच येते जव्हा गाडी विकावी लागते, आन चढ तव्हाच चढते जव्हा वरती काही काम असते. त्यात सायकलले कॅरिअर नाई दिसलं का त्यांचे डोळे भरून यायचे. बिचाऱ्यानं कॅरिअरही विकून खाल्लं!

एकदा वर्ध्याचे एक दाताचे डॉक्टर कसेबसे वर पोचले. मधुकरराव ठेला सोडून वाटेत आडवे आले.

"काऊन जी, गाडी बिघडली का?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"मंग विकली?"

पुन्हा मान.

"घरी काही झालं का? भांडन-गिंडन?"

डॉक्टरांले एवढा दम लागला होता का 'नाई' म्हणायले गेले आन हुंदक्यावानी आवाज निघाला. बस. मधुकररावांनी समोरून येणारा ट्रॅक्टर थांबवला, डॉक्टरांले सायकलीसकट ट्रॉलीत टमाट्याच्या क्रेटमधात बसवलं, हँडलले वांग्याची थैली अडकवली आन चालवणाऱ्याले सांगितलं, "सांभाळून नेजो रे, दुखावलेला माणूस आहे." ट्रॅक्टरवाल्यानं त्यांले हिंगणीच्या स्टँडवर सुखरूप उतरवलं. डॉक्टर सकाळी तिथूनच निघाले होते.

अशा तक्रारी वाढल्या. एका बाईनं कळवलं का तिचा 'आत्मशोध' तीनदा चायसाठी थांबवण्यात आला. शेवटी समितीचे सचिव निकेशभाऊ सोता ठेल्यावर आले. माणूस सभ्य. हळू बोलायचा, कारण पदच तसं होतं.

"काका, मार्गाले अव्वल दर्जा भेटायचा आहे. बाहेरून तपासनीस येऊन राह्यले. त्या दिवशी तुमचा एक शब्द जरी निघाला, तर ठेला उठंल."

"अन् पाहुन्याले तहान लागली तं?"

"तहान आवाजात धरत नाई."

त्यानंतर गावात महिनाभर मौन-तालीम चालली. नियम सोपे होते. राम राम मनातल्या मनात घालावा. 'कुठं चालले' विचारू नये, रस्ता एकच आहे. चढावर 'दम लागला का' विचारू नये, उत्तर समोर दिसते. कोणी पडल्यास त्याले पडण्याचा अनुभव पूर्ण घेऊ द्यावा. गाव हुशार निघालं. पंधरवड्यात लोक एकमेकांच्या अंगणापुढूनही मुकाट जायले लागले. समितीनं गावाचं कौतुक केलं (लेखी, म्हणजे आवाज झाला नाई).

नापास एकटे मधुकरराव. ठेल्याची धास्ती प्रमिलाबाईले जास्त, म्हणून त्यांनी सोताच शिकवणी लावली. नवऱ्याच्या तोंडात सुपारी दिली, आपल्या डोक्यावर पातेलं पालथं घातलं आन सायकलवाला होऊन ठेल्यापुढून धापा टाकत निघाल्या. मधुकररावांनी ओठ दाबले, डोळे मिटले, मांडी आवळली.

"काऊन वं, गुडघा दुखून राह्यला का?"

"अवो, मी प्रमिला नाई! मी सायकलवाला हाव!"

"मंग सायकलवाल्याले गुडघा नसते का?"

तपासणी थंडीत व्हायची होती. ती कागदावरून उतरेपर्यंत मे उजाडला. तपासनीस साहेब आले. छातीवर एक यंत्र, माणसाचा शब्द निघाला का बोंबलणारं. साहेबांचा सोताचा शब्दही ते धरायचं, म्हणून साहेबही मुके. निकेशभाऊ पळसामागं लपले होते.

चढाच्या टोकावर दोन फाटे आहेत. तिथं समितीची पाटी होती, निसर्गाले शोभंल अशी, लाकडाची, बारीक अक्षराची. पण म्हशीले अंग घासायले लाकूड भेटलं का ती कोणाची पाटी आहे हे पाहत नाई. पाटी फिरली होती. साहेब धरणाच्या गाळाकडं वळले.

तिकडं रस्ता नाई हे मधुकररावांच्या नरड्यापर्यंत आलं. 'अवो जी, तिकडं नोका जाऊ' मनातच म्हणत ते अर्धे उठले. प्रमिलाबाईनं दुरूनच बोट ठेल्याकडं दाखवलं. ते बसले, अन् शब्द गिळला. तोंडात धरलेली सुपारीही संगं गेली.

लय वेळानं साहेब परतले. सायकल खांद्यावर, गुडघ्यापर्यंत गाळ, बाटली रिकामी, तोंड भाजलेल्या वांग्यावानी. ठेल्यापुढं उभे राह्यले. माठाकडं पाह्यलं. मधुकररावांनी त्यांच्याकडं पाह्यलं. साहेब मागू शकत नव्हते, मधुकरराव विचारू शकत नव्हते. यंत्राचा काटा शून्याले चिकटला. एवढी शुद्ध शांतता त्या पहाडानं कधी पाह्यली नसंल. पळसामागं निकेशभाऊंनी आनंदानं मूठ आवळली.

मंग साहेब हळूच खाली बसले, अन् त्याहून हळूच आडवे झाले. हा शांततेचा पुढचा टप्पा धरायचा का, याबद्दल नियमात काही नव्हतं.

"अवो, मरून राह्यलं न ते लेकरू!" प्रमिलाबाईनं किंकाळी फोडली (लेकराचं वय पन्नाशीच्या पुढं). "दगड झाले का तुम्ही? ठेला गेला चुलीत, पाणी आना!"

यंत्र बोंबललं. ठेल्यावरच्या चिमण्या उडाल्या.

मंग काय, इतक्या महिन्यांचं तुंबलेलं फुटलं. पाणी झालं, पन्हं झालं, कपाळावर कांदा झाला. साहेबांनी भाकर-भरीत खाल्लं, पुन्हा मागून खाल्लं, आन बाजेवर कलंडले ते ऊन उतरेपर्यंत घोरत राह्यले. उठल्यावर मधुकररावांनी विचारलंच, "गाडी विकली का जी?"

"नाही हो, हौस आहे."

मधुकरराव बायकोच्या कानाशी लागले. "हौस म्हन्ते वं. घरी लयच काही झालं असंल."

आठवड्यानं अहवाल आला. मार्ग अव्वल दर्जाचा ठरला. शांतता एवढी का खुद्द तपासनीसांले मार्गावर गाढ झोप लागली. भरीत उत्तम. दोष एकच: 'ठेला, व त्यातील एक महिला आवाज.' सबब ठेला उठवावा.

समिती न्यायी होती. तिनं ठेल्यापुढंच सुनावणी ठेवली: ज्याची हरकत असंल त्यानं बोलावं, जो गप्प राहील त्याची संमती धरण्यात येईल. सारे सायकलवाले आले. ऊन होतं म्हणून त्यांले आधी चाय-भरीत देण्यात आलं. हरकतीची वेळ आली तव्हा त्यांची तोंडं भरलेली होती. दाताचे डॉक्टर पाण्याकडं पाहत राह्यले. पाणी खरंच सुंदर दिसत होतं. गाववाले तं महिनाभर तयार झालेले, कोणी खोकललंही नाई. मधुकरराव उठले, पण निकेशभाऊंनी हळूच समजावलं, "काका, तुमचा आवाज सर्वेक्षणात आधीच मोजला आहे. दोनदा कसा धरायचा?"

प्रमिलाबाई तेवढ्या बोलल्या. "ज्यानं ज्यानं या माठातलं पाणी पेलं, त्यानं आता तोंड उघडा!"

त्यांचं बोलणं पुरावा म्हणून नोंदवलं. समितीनं मांडून ठेवलेलं यंत्र बोंबललं, तीच सही.

इथल्या लोकांचं मत कमी पडू नये म्हणून समितीनं बाहेरच्यांचंही घ्यायचं ठरवलं. ज्यांले हा सारा मामला पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत आहे, अशा परक्या माणसांचं. त्यात हे वाचणारे तुम्ही निघाले. तुम्ही इतका वेळ इथं होते, सारं समजून घेतलं, मधात दोन-तीनदा हसलेही असान, पण शब्द म्हणून एक काढला नाई.

समितीनं तुमचं नाव संमतीत टाकलं आहे. ठेला सोमवारी उठते.